महाबळेश्वर पाहावे, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांनी



रब्बीची सुगी हातावेगळी झाली, खळे मोकळे झाले, की आपल्या घरात दरवर्षी एक विषय निघतो, 'यंदा कुठे जायचे?' मग कुणी पंढरपूर म्हणते, कुणी जेजुरी, कुणी शिखर शिंगणापूर. महाबळेश्वरचे नाव मात्र सहसा निघत नाही. निघालेच तर घरातली वडील माणसे म्हणतात, "ती साहेबलोकांची हवा खायची जागा. आपलं तिथं काय काम?"

हा समज मला या लेखात खोडून काढायचा आहे. माझी बरीचशी नोकरी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात गेली. दुष्काळाचा तालुका म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. त्या भागातल्या शेतकऱ्यांना घेऊन मी महाबळेश्वरला गेलो तेव्हा मला स्वतःलाच जे उमगले, ते तुम्हाला सांगावे आणि तुम्हीही घरच्या मंडळींना घेऊन एकदा जाऊन यावे, एवढाच या लिहिण्याचा हेतू.

साल होते २०१९ आणि महिना फेब्रुवारीचा. आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता. पुष्कळांची जनावरे छावणीत बांधलेली. आमच्या शेतकरी गटाने आधीपासून वर्गणी काढून सहल ठरवली होती, पण निघायची वेळ आली तशी मंडळी कचरू लागली. गटातले वयाने वडील एक तात्या. ते मला सरळ म्हणाले, "सायेब, जनावरं छावणीत आन् आमी म्हाबळेश्वरला? लोक त्वांडात शेण घालतील." मला पटकन उत्तर सुचेना. शेवटी म्हणालो, "तात्या, पाणी नाही म्हणून आपण रडतो. मग ज्या डोंगरातून पाणी निघतं तो डोंगर एकदा बघायला नको का?" काकींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, निकाल दिला, "पोरगं हाय की छावणीत. दोन दिसानं काय बिघडत न्हाई." आणि आम्ही बावीस जण निघालो.

महाबळेश्वरची खरी शाळा वाई सोडली की सुरू होते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तिथून महाबळेश्वर, सगळा मिळून ३० कि. मी.च्या आसपासचा रस्ता. पण या एवढ्या अंतरात पावसाचे मान कसे बदलते पाहा. वाईला वर्षाला सरासरी ७००-८०० मि. मी. पाऊस. पाचगणीला १,८०० मि. मी.च्या आसपास. आणि महाबळेश्वरला साडेपाच हजार मि. मी.हून अधिक. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. उरलेसुरले पूर्वेकडे जातात. आमच्या माणला पोचेपर्यंत त्यांच्या पखाली रित्या झालेल्या असतात. आम्हाला ५०० मि. मी. पडला तरी पोळी पिकली म्हणायचे. जिल्हा एकच, पण एका टोकाला दुसऱ्याच्या दहापट पाऊस.

पाचगणीला पहिला मुक्काम टेबल लँडवर करावा. डोंगराचा माथा कुणीतरी करवतीने कापून सपाट केल्यासारखे हे पठार आहे. शहरातली मंडळी इथे घोड्यावर बसतात, फोटो काढतात. तुम्ही मात्र खाली वाकून तो तांबडा, भोकाभोकांचा दगड हातात घ्या. हा जांभा. याची आठवण ठेवा, पुढे काम पडणार आहे. पाचगणीपासून जवळच भिलार हे गाव आहे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाला २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' केले. घराघरांतून, देवळांतून पुस्तके मांडलेली आहेत. कुणीही जावे, ओसरीवर बसून वाचावे. शाळेत जाणारी मुले बरोबर असतील तर हे गाव चुकवू नका.

महाबळेश्वर गाठायच्या अलीकडे केट्स पॉइंटचा फाटा लागतो. कड्याच्या टोकाला उभे राहिले की खाली कृष्णेचे खोरे पसरलेले दिसते. त्यात बलकवडी आणि धोम धरणांचे पाणी, आणि समोर कमळगड. शेजारीच दगडाला आरपार भोक पडलेले आहे. त्याचा आकार हत्तीच्या सोंडेसारखा, म्हणून लोक त्याला हत्तीचे डोके म्हणतात. आमच्यातल्या एकाने खालची हिरवी पट्टी दाखवून विचारले, "हे कुणाचं रान?" म्हटले, "धोमच्या पाण्यावरचं." सगळे बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

पुढे लिंगमळ्याचा धबधबा. वेण्णा नदी इथे सुमारे ६०० फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता त्याचे रूप पाहण्यासारखे असते. आम्ही गेलो तेव्हा मात्र फेब्रुवारी सरत आलेला. दगडावरून पाण्याची नुसती एक चिंधी लोंबत होती. तात्या कठड्याला धरून म्हणाले, "यवढा पाऊस पडतो म्हंता, मग ग्येला कुठं?" प्रश्न मोलाचा होता. उत्तर मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले.

गावाच्या तोंडाशीच वेण्णा तलाव आहे. साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधून घेतला. आज तिथे नावा फिरतात, कणसे आणि गाजरे विकायला असतात. बायाबापड्यांनी नावेत बसण्याची हौस जरूर भागवावी. काकी प्रथमच नावेत बसल्या आणि पैलतीर येईतो पांडुरंगाचे नाव घेत राहिल्या. उतरल्यावर मात्र म्हणाल्या, "आनि येकदा बसू या का?"

महाबळेश्वरची हवा इंग्रजांना मानवली. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी हा डोंगर चढला आणि १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी इथे पेठ वसवली. म्हणूनच बहुतेक कड्यांना इंग्रजी नावे पडली. त्या काळात इथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवलेले असत. ते बटाटे आणि विलायती भाज्या पिकवीत. त्यांच्या मळ्यांजवळच्या धबधब्याला अजून चायनामन धबधबा म्हणतात. परक्या मुलखात बेडी पडलेल्या माणसांनीही मातीशी नाते जोडले, ही गोष्ट आम्हा शेतीवाल्यांना विसरता येत नाही.

संध्याकाळी सूर्यास्त पाहायला बॉम्बे पॉइंटवर जावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विल्सन पॉइंटवर. विल्सन पॉइंट ही इथली सर्वांत उंच जागा, सुमारे ४,७०० फूट. तिथून उगवता आणि मावळता दोन्ही सूर्य दिसतात. पहाटेची थंडी मात्र बोचरी असते. घोंगडी, शाल, कानटोपी बरोबर हवीच.

आता मुख्य ठिकाण, क्षेत्र महाबळेश्वर म्हणजे जुने महाबळेश्वर. पेठेपासून ६ कि. मी.वर. इथे महाबळेश्वराचे आणि अतिबळेश्वराचे देऊळ आहे. याच क्षेत्री १६६५ साली शिवरायांनी जिजाऊमातेची सुवर्णतुला केली. शेजारी पंचगंगेचे देऊळ. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम इथे मानतात आणि त्यांचे पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून पडते. थोडे पलीकडे, जरा आडबाजूला, कृष्णाबाईचे काळ्या दगडाचे जुने देऊळ आहे. गर्दी कमी, शांतता खूप. तिथेही गोमुखातून कुंडात धार पडते आणि समोर खोल दरी. माझ्या मते सगळ्या महाबळेश्वरात ही जागा सर्वांत देखणी.

पंचगंगेच्या धारेखाली काकींनी पाण्याची बाटली भरून घेतली. मग हात जोडून म्हणाल्या, "आमच्या माणगंगेची भैन ही." मी म्हटले, "खरंच आहे काकी. आपली माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा पुढे रायचूरकडे कृष्णेलाच मिळते." आता तर उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांतून कृष्णाखोऱ्याचे पाणी माणकडे वळवले जात आहे. नाते जुनेच होते, आता रोजच्या व्यवहारात आले एवढेच.

तात्यांच्या कालच्या प्रश्नाचे उत्तर मी इथे दिले. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. हा दगड स्पंजासारखा, पाणी पितो. त्याखाली काळा पाषाण, तो पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. म्हणून जांभ्यात मुरलेले पाणी या दोन थरांच्या सांध्यावरून बाजूला सरकते आणि जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन फुटते. वरचे जांभूळ, हिरडा, अंजनाचे दाट जंगल आणि पालापाचोळा पावसाचा मारा झेलतात आणि पाणी मुरायला उसंत देतात. जिथे जांभा आणि झाड आहे तिथे उन्हाळ्यातही धार आहे. जिथे उघडा उतार आहे तिथे कितीही पडला तरी आठ दिवसांत वाहून जातो. पाऊस पडणे वेगळे आणि पाणी धरून ठेवणे वेगळे.

क्षेत्राहून पुढे आर्थर सीट. ती पेठेपासून १२-१३ कि. मी. आहे. एका बाजूला सावित्रीची भयाण खोल दरी आणि त्यापलीकडे कोकण, दुसऱ्या बाजूला कृष्णेकडचे जोरचे खोरे. पावसाचा थेंब कड्याच्या पश्चिमेला पडला तर सावित्रीतून अरबी समुद्राला जातो, हातभर पूर्वेला पडला तर चार राज्ये ओलांडून बंगालच्या उपसागराला. दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा, की हलकी वस्तू टाकली तर परत वर येते. पण हा खेळ करू नका. हजारोंनी तो केला तर दरीत नुसता कचरा साठतो. वाटेत खाली उतरून टायगर स्प्रिंग नावाचा झरा लागतो, तिथे दम खावा.

परतीच्या वाटेवर एका वाडीजवळ रस्त्याकडेला झऱ्यावर पाच-सहा बाया हंडे घेऊन थांबलेल्या दिसल्या. गाडी उभी केली. काकींनी चौकशी केली. एक म्हणाली, "आता धार तरी हाये. मे महिन्यात रातचं उठून नंबर लावावा लागतो. कधी टँकर येतो, कधी न्हाई." गाडीत कुणी बोलेना. बऱ्याच वेळाने तात्या म्हणाले, "सायेब, आमच्या धापट पाऊस पडतो हितं, तरी बाईच्या डोक्यावर हंडा हायेच. मग आमी इतकी वर्सं पावसाला शिव्या दिल्या त्या कुनाच्या पदरात घालायच्या?"

खरे सांगतो, हा प्रश्न मलाही लागला. मी स्वतः किती सभांतून 'आपल्याकडे पाऊसच कमी' असे म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळलो होतो! त्या रात्री मुक्कामावर आम्ही हिशेब मांडला. एक एकरावर १ मि. मी. पाऊस पडला की सुमारे ४,००० लिटर पाणी होते. माणमध्ये ५०० मि. मी. पडला तर एकरी २० लाख लिटर. तात्यांचे रान दोन एकर, म्हणजे ४० लाख लिटर. त्यातले किती आपल्या रानात थांबते? तात्यांची ताल तीन ठिकाणी फुटलेली होती, हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक होते. तात्या काही बोलले नाहीत. विडी विझवून उठले आणि झोपायला गेले.

तिसरा दिवस तुमच्या आवडीवर सोडतो. इतिहासाची ओढ असेल तर प्रतापगड, पेठेपासून २०-२२ कि. मी. १६५६ साली बांधलेला हा किल्ला. याच्याच पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला. वर भवानीमातेचे मंदिर आणि १९५७ साली उभारलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. पाण्याची ओढ असेल तर तापोळा, २५ कि. मी.च्या आसपास. तिथे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आहे. नावेतून फिरावे, जरूर फिरावे. पण नावेखाली काय आहे तेही मुलांना सांगावे. १९६० च्या दशकात हे धरण भरले तेव्हा या खोऱ्यातली भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली गेली आणि माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. आपल्या घरी बटण दाबल्यावर दिवा लागतो, त्यात त्यांच्या खाचरांचा वाटा आहे.

शेतीवाल्यांसाठी आणखी तीन जागा. पहिली, स्ट्रॉबेरीचा मळा. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून फुटवे वाढवतात, सप्टेंबरच्या सुमारास लागण होते आणि थंडीपासून मार्च-एप्रिलपर्यंत फळ चालते. बरेच मळेवाले आपुलकीने रान दाखवतात. पण तिथून स्ट्रॉबेरीचे रोप घेऊन माणमध्ये लावायचा मोह धरू नका, ती हवा आपली नाही. आणायचे ते गादीवाफा, आच्छादन आणि ठिबक. झाडाच्या बुडाशी ओल कशी जपतात ते नीट पाहा. आपल्या डाळिंबाला आणि भाजीपाल्याला तेच लागू आहे.

दुसरी जागा मधाची. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि जवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. जांभळाचा, हिरड्याचा, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध इथे मिळतो. पेट्यांतली सातेरी माशी पाहिली की बांधावरच्या फुलोऱ्याची किंमत कळते.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र इथेच आहे. थंड, दमट हवेत तांबेऱ्याची बुरशी चांगली पोसते, म्हणून कोणता गहू तिला तोंड देतो हे इथे पारखता येते. तांबेऱ्याला न बळी पडणारे बियाणे आपण पेरतो, त्यामागे अशा परीक्षा असतात.

जाण्याआधी काही सूचना ध्यानात ठेवा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळावा, गर्दी आणि दर दोन्ही परवडत नाहीत. शनिवार-रविवार सोडून गेल्यास खोली स्वस्तात पडते. वाईला मुक्काम केला तर खर्च आणखी कमी होतो. एस. टी. ने जाणे सोयीचे. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. दशम्या, चटणी बरोबर घ्यावी. मात्र पॉइंटवर उघडी पिशवी हातात धरू नये, माकडे हिसकावून नेतात. कड्याचा कठडा ओलांडू नये, पोराबाळांचा हात सोडू नये. भर पावसाळ्यात घाटातून प्रवास करू नये. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एक जण तेवढा वाचला. आमच्याच क्षेत्रातली ती माणसे. त्या घाटातून जाताना आजही माझा हात आपोआप जोडला जातो. आणि महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखलेला आहे. तिथली फांदी मोडू नका, प्लास्टिक टाकू नका. ते जंगल म्हणजे खालच्या गावांची पाण्याची कोठी आहे.

आता तात्यांचे सांगून संपवतो. सहलीहून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते दोघे नवरा-बायको रानात दगड वाहताना दिसले. छावणीतली जनावरे पोराच्या हवाली, आणि हे दोघे फुटकी ताल बांधताहेत. पावसाळ्याआधी तिन्ही खिंडारे बुजली. पुढच्या पावसात तालीला पाणी तुंबले तेव्हा त्यांनी मला मुद्दाम निरोप धाडला. गेलो तर काकी देव्हाऱ्यातली ती पंचगंगेची बाटली घेऊन बांधावर उभ्या. मी विचारले, "हे काय काकी?" त्यांनी बाटली तुंबलेल्या पाण्यात रिती केली आणि म्हणाल्या, "पावनी आलीया म्हाबळेश्वराहून. घरच्या पान्याची गाठ घालून देते."

तेव्हा वाचकहो, जा. कडे पाहा, सूर्यास्त पाहा, नावेत बसा, पोरांना स्ट्रॉबेरी खाऊ घाला. परत आल्यावर मात्र एक काम करा. चहा घेण्याआधी आपल्या रानाच्या बांधावरून एक फेरी मारा आणि पाणी कुठून निसटते ते बघा.